धानाच्या बांधीत जर्मन झुला: ‘व्हारिएटे’ हा मूकपट गावात कसा दाखवावा

दिवाळी झाली, धानाची कापणी आणि मळणी उरकली की पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, वैनगंगेच्या काठच्या गावांत रात्री जागू लागतात. वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव होतात, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, निमित्ताने दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार रंगतात, आणि रात्री दहाला मोकळ्या बांधीत, म्हणजे धान कापलेल्या शेतात, बसलेली माणसे पहाट झाल्याशिवाय उठत नाहीत. पाहण्याची एवढी सवय आणि एवढा दम ज्या मुलखाला आहे, तेथे शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन मूकपट दाखवता येतो, आणि तो नीट दाखवला तर शेवटपर्यंत पाहिलाही जातो, हे मी आमच्या गावातील दोन खेळांच्या अनुभवावरून सांगतो. अडचण प्रेक्षकांची नसते. अडचण एवढीच की मूकपटाचा आवाज दाखवणाऱ्यांनी आपल्या पदरचा घालायचा असतो, आणि ते काम पडदा बांधण्याइतकेच किंबहुना त्याहून अधिक मेहनतीचे आहे, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही.

या लेखात ‘व्हारिएटे’ हा एकच चित्रपट घेऊन पुढचे सारे सांगितले आहे. दिग्दर्शक ई. ए. ड्यूपाँ, निर्माता एरिश पोमर, कॅमेरा कार्ल फ्रॉइंड. उफा या कंपनीचा हा थरारपट १६ नोव्हेंबर १९२५ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. फेलिक्स होलेंडर यांच्या कादंबरीवरून त्याची कथा घेतलेली आहे. ‘व्हारिएटे’ म्हणजे एका रात्रीत गाणे, नाच, जादू, कसरती असे नाना प्रकार दाखवणारा रंगमंचीय खेळ. आपल्याकडच्या यात्रेतील तंबू आणि शहरातील मोठे थिएटर या दोन्हींचे गुण त्यात एकत्र आले आहेत, असे गावात सांगितले तर पुरते.

आधी कथा स्वतःला सांगता यावी

खेळ ठरवण्यापूर्वी आयोजकांपैकी प्रत्येकाने चित्रपट किमान दोनदा पाहावा आणि कथा कागद न बघता पाच मिनिटांत सांगून दाखवावी. ती अशी आहे. तुरुंगात दहा वर्षे काढलेला २८ क्रमांकाचा कैदी अधिकाऱ्यासमोर उभा आहे. आपल्याला त्याची फक्त पाठ आणि तिच्यावरचा आकडा दिसतो. तो प्रथमच तोंड उघडतो आणि मागची हकीकत सुरू होते. हुलर हा पूर्वी झुल्यावर काम करणारा कसरतपटू अपघातानंतर ते काम सोडून हॅम्बुर्गच्या जत्रेत एक गचाळ तंबू चालवत असतो. घरी बायको आहे, तान्हे मूल आहे. एके दिवशी एक खलाशी दूरदेशीची एक तरुण मुलगी त्याच्याकडे आणून सोडतो. ती ज्या जहाजावरून आली त्याचेच नाव तिला मिळते, बर्टा-मारी. हुलर बायकोमुलाला टाकून तिच्याबरोबर निघून जातो आणि पुन्हा झुल्यावर चढतो. पुढे बर्लिनमध्ये आर्टिनेली हा नावाजलेला झुलेकरी त्या दोघांना आपल्या खेळात घेतो. तिघांचा खेळ विंटरगार्टन या थिएटरात गाजू लागतो, आणि आर्टिनेली बर्टा-मारीला आपल्याकडे ओढतो. हुलरला ते सर्वांत शेवटी कळते, तेही उपाहारगृहातील टेबलावर कोणी त्याची टिंगल करणारे चित्र काढून ठेवलेले असते त्यावरून. शेवटी तो आर्टिनेलीचा खून करतो.

इथे एक गोष्ट प्रेक्षकांच्या मनात आधीपासून पक्की असली पाहिजे, नाहीतर चित्रपटातला सारा थरार वाया जातो. उंच झुल्याच्या खेळात एक जण उडतो आणि एक जण झेलतो. झेलणारा गुडघ्यांनी दांडी धरून उलटा लटकतो आणि हवेतून येणाऱ्याचे मनगट पकडतो. हुलर हा झेलणारा आहे. म्हणजे ज्या माणसाने त्याचा संसार उधळला, त्याचा जीव रोज रात्री त्याच्याच हातांत असतो. हे एक वाक्य ज्याला कळले त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. आम्ही खेळाच्या आदल्या दिवशी शाळेत मुलांना एवढेच सांगितले, आणि घराघरांत ते आमच्या आधी पोचले.

सर्कस आपल्याला परकी नाही, हेही बोलताना सांगावे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, दामू धोत्रे हे मराठी रिंगमास्टर अमेरिकेतील रिंगलिंग सर्कसपर्यंत पोचले. यात्रेत मौत का कुआँ पाहिलेल्या आणि दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर पाहिलेल्या माणसाला जिवावरच्या खेळाचे पोट काय असते ते ठाऊक असते.

कोणती प्रत घ्यावी

या चित्रपटाच्या अनेक प्रती फिरतात आणि त्यांतल्या काही मोडक्या आहेत. अमेरिकेत १९२६ मध्ये तो गाजला, परंतु तेथे सुरुवातीचा हॅम्बुर्गचा भाग कापून टाकलेली आवृत्तीही दाखवली गेली. त्या आवृत्तीत हुलरने टाकलेली बायको नाहीच. बर्टा-मारी हीच त्याची लग्नाची बायको आहे असे भासवले आहे. म्हणून प्रत हाती आली की पहिली वीस मिनिटे पाहावीत. तुरुंगानंतर जत्रेचा तंबू, बायको आणि मूल दिसले नाही तर ती प्रत बाजूला ठेवावी. जुने जर्मन चित्रपट जपणाऱ्या फ्रीडरिश-विल्हेल्म-मुर्नाऊ प्रतिष्ठानाने पुनरुज्जीवित केलेली आणि २०१५ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवलेली सुमारे ९५ मिनिटांची आवृत्ती सर्वांत विश्वासाची आहे.

या कापाकापीबद्दल जरा थांबून सांगितले पाहिजे, कारण तोच प्रश्न गावातही उभा राहतो. आमच्याकडे काही जाणत्या मंडळींनी सुचवले की बायको टाकून जाण्याचा भाग आणि तंबूतील नाच वगळावा, बायामाणसे समोर बसणार आहेत. आम्ही बचत गटाच्या महिलांना आणि त्या मंडळींना एका संध्याकाळी ग्रंथालयात लॅपटॉपवर तो भाग दाखवला. महिलांनी तो ठेवावा असे एकमुखाने सांगितले. खेळ संपल्यावर एका आजीबाईंनी विचारलेला पहिला प्रश्न हुलरच्या तुरुंगवासाबद्दल नव्हता. त्या म्हणाल्या, “मंग ते पयल्या बाईचं का झालं जी?” कापलेल्या प्रतीत हा प्रश्नच उरत नाही, आणि माझ्या मते या चित्रपटातील पापाची खरी सुरुवात तेथेच आहे, खून त्यानंतर फार उशिरा येतो. तेव्हा काहीही कापू नये. ज्यांना शंका आहे त्यांना आधी दाखवावे.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे १९२५ च्या मूळ चित्रपटाची अडचण नाही. परंतु पुनरुज्जीवित प्रतीला अलीकडच्या काळात जोडलेले संगीत नवे आहे आणि त्याचे हक्क जिवंत आहेत. प्रतिष्ठानाला पत्र लिहून विचारावे, मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राकडे जर्मन चित्रपटांच्या प्रतींबद्दल चौकशी करावी. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, म्हणून जवळच्या शहरातील नोंदणीकृत फिल्म सोसायटीला बरोबर घेऊन तिच्या मार्गदर्शनाने खेळ करावा आणि तिकीट लावू नये. ग्रामपंचायतीचे पत्र आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी ही नेहमीची बाब आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे नाटकाच्या सवयीने दहाला सुरू करण्याचा मोह आवरावा आणि सातला सुरुवात करावी.

रात्र, जागा, पडदा

धान उभे असताना आणि कापणीच्या दिवसांत दिव्यावर तुडतुडे इतके येतात की प्रोजेक्टरच्या झोतात पाऊस पडत असल्यासारखे दिसते आणि भिंगासमोर थर साचतो. मार्गशीर्षात ते कमी होतात. अमावास्येच्या अलीकडचे किंवा पलीकडचे तीन-चार दिवस निवडावेत, कारण चांदण्यात पडद्यावरचा काळा रंग राखाडी होतो आणि या चित्रपटाचा निम्मा जीव त्याच्या अंधारात आहे. तरीही किडे आलेच तर पडद्यापासून दूर, प्रेक्षकांच्या पाठीमागे एक उघडा बल्ब लावून ठेवावा. शेकोट्या पेटणारच, त्या वाऱ्याची दिशा पाहून मागच्या बाजूला पेटवायला सांगावे, म्हणजे धूर झोतात येत नाही.

जुन्या मूकपटाची चौकट जवळजवळ चौरस असते, रुंदी चार तर उंची तीन. आजची यंत्रे चित्र रुंद करून दाखवण्यासाठी बनलेली असल्यामुळे ती ते आडवे ताणतात आणि हुलर आहे त्याहून जाडजूड, झुला आहे त्याहून बुटका दिसतो. यंत्राच्या मांडणीत जाऊन प्रमाण ४:३ करावे. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. पडदा १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच पुरतो. मांडवाचे पांढरे कापड दुहेरी घेऊन बांबूच्या चौकटीवर चारी बाजूंनी ताणून बांधावे, शिवण मधोमध येऊ देऊ नये, आणि मागून काळे कापड लावले तर चित्र अधिक उठते. उघड्यावर ३००० ल्युमेनपेक्षा कमी उजेडाचा प्रोजेक्टर घेऊ नये. साध्या प्रोजेक्टरला एवढ्या पडद्यासाठी साधारण १८ ते २२ फूट अंतर लागते. ते दिवसाउजेडी मोजून खुंटी ठोकून ठेवावी. लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारीच असावा, कारण तार फार लांबली की चित्र मधेच जाते. जुन्या तंबू टॉकीजप्रमाणे पडद्याच्या मागच्या बाजूलाही लोकांना बसवायचे असेल तर काळे कापड लावू नये, मात्र तिकडून चित्र आणि अक्षरे उलटी दिसतात हे आधी सांगावे.

विजेचा भरवसा धरू नये. जनरेटर असेल तर तो किमान दोनशे फुटांवर, एखाद्या भिंतीच्या किंवा तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगाच्या आडोशाला ठेवावा. तणसापासून सुरक्षित अंतर राखणे अर्थातच आले. इन्व्हर्टर बॅटरीवर दोन तास निभावत असतील तर तेच उत्तम. जनरेटरची घरघर शांततेचा खून करते आणि या खेळात शांतता हेच सर्वांत महागडे वाद्य आहे, ते का हे पुढे येईल.

निवेदक

मूकपटात अधूनमधून मजकुराच्या पाट्या येतात. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही १९१३ साली पाट्या होत्या, आणि त्या काळी आपल्याकडच्या खेळांत त्या वाचून दाखवणारा माणूस असे. जपानमध्ये तर पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणाऱ्या बेन्शींची स्वतंत्र परंपरा होती. आपल्याला बेन्शी व्हायचे नाही, पाट्या तेवढ्या मराठीत बोलायच्या आहेत. खाली मराठी अक्षरे उमटवण्याची सोय संगणकावर आहे, परंतु मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाहीत आणि लहान मुलांना तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. आवाज हवाच.

प्रत्येक पाटीचे मराठी एका वहीत लिहावे, शेजारी मिनिट आणि सेकंद लिहावा. मराठी छोटे हवे. पाटी जेवढा वेळ पडद्यावर असते तेवढ्यात सावकाश बोलून संपले पाहिजे. पुस्तकी शब्द काढून टाकावेत. ‘तुझ्या विश्वासघाताची मला जाणीव झाली आहे’ असे बांधीत बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. ‘मला सारं कळलं आहे’ एवढे पुरते. निवेदकाने पात्रांचे आवाज काढू नयेत. बायकोची पाटी असो वा तुरुंगाधिकाऱ्याची, एकाच साध्या, कोणाचीही बाजू न घेणाऱ्या आवाजात ती वाचावी, कारण अभिनय पडद्यावर आधीच झालेला आहे. झाडीबोलीत, म्हणजे आमच्या मुलखातल्या बोलीत, वाचावे की प्रमाण भाषेत, हा ज्याच्या त्याच्या गावाचा प्रश्न. आम्ही प्रमाण भाषेत वाचले आणि फक्त प्रास्ताविकापुरती झाडीबोली घेतली. दुसऱ्या वर्षी उलट करून पाहिले तेव्हा लोक नको तिथे हसले, कारण झाडीपट्टीच्या नाटकात बोली बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी ऐकायची त्यांना सवय होती.

पाट्यांव्यतिरिक्त निवेदकाने बोलू नये, हा नियम मी स्वतः मोडला होता आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. पहिल्या वर्षी निवेदक मीच होतो. आर्टिनेली झुल्यावर उभा असताना हुलर त्याला न झेलण्याची, हातांतून सोडून देण्याची कल्पना करतो आणि ती कल्पना आपल्याला पडद्यावर दिसते. लोकांचा गोंधळ होईल या भीतीने मी माइकवर सांगून टाकले की हे खरे नाही, हुलरच्या मनातले आहे. समोरच्या तीनशे माणसांचा रोखलेला श्वास त्या क्षणी सुटला आणि पुढची दहा मिनिटे परत जमला नाही. दुसऱ्या वर्षी मी काही बोललो नाही. लोकांना बरोबर कळले.

नटांविषयी प्रास्ताविकात दोन वाक्ये सांगावीत. हुलरचे काम करणारा एमिल यानिंग्स जर्मन रंगभूमीवरचा, बर्टा-मारी झालेली लिया दे पुट्टी हंगेरीत जन्मलेली, आर्टिनेली झालेला वॉर्विक वॉर्ड इंग्रज. मूकपटात कोण कोणती भाषा बोलतो याला महत्त्व नसल्यामुळेच असे तिघे एका झुल्यावर येऊ शकले. यानिंग्सला पुढे पहिल्या ऑस्कर समारंभात सर्वोत्तम नटाचा मान मिळाला. त्याने नंतर नाझी राजवटीच्या प्रचारपटांत काम केले, हेही कोणी विचारले तर लपवू नये.

वादक

आता खरे काम. बाहेरून वाद्यवृंद आणू नये. गावात भजनी मंडळ असते, तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची सवय असलेले हात असतात, आणि आसपास झाडीपट्टी नाटकाला ऑर्गन आणि तबल्याची साथ करणारा एखादा तरी असतो. नाटकाचे साथीदार रंगमंचाच्या पुढे बसून पात्राच्या पावलाबरोबर वाजवतात. डोळे समोर आणि हात खाली, ही त्यांची सवय जणू मूकपटासाठीच घडवून घेतली आहे. तीन किंवा चार माणसे पुरेत. त्यांना पडद्याच्या एका बाजूला, चित्र नीट दिसेल असे बसवावे, आणि वहीवर मंद उजेड पडेल एवढाच लाल कागद लावलेला दिवा द्यावा.

पहिली तालीम वाद्यांशिवाय करावी. वादकांना चित्रपट नुसता पाहू द्यावा, आणि कुठे काय वाजेल यापेक्षा कुठे काहीच वाजणार नाही हे आधी ठरवावे. आम्ही तीन जागा ठरवल्या. सुरुवातीचा तुरुंग, टेबलावरचे ते चित्र हुलरला दिसते तो क्षण, आणि झुल्यावरची शेवटची तिहेरी कोलांटउडी. बाकी सारे संगीत या तीन रिकाम्या जागांकडे नेणारे रस्ते आहेत असे समजून बांधले, आणि मला वाटते दुसऱ्या वर्षीच्या खेळाचे जे काही यश होते ते या एका निर्णयाचे होते.

हॅम्बुर्गच्या जत्रेसाठी यात्रेतला गोंगाट हवा. ढोलकी, पिपाणी, मधेच बेसूर वाटणारी सनई. तंबू गचाळ आहे तर संगीतही धुतल्या तांदळासारखे नसावे. हुलर घरात मुलाजवळ असतो तेव्हा फक्त हार्मोनियमचा एक स्वर धरावा. बर्टा-मारी येते तेव्हा प्रेमगीताची चाल वाजवण्याचा मोह प्रत्येक वादकाला होतो. तो मोडून काढावा. ओळखीचे गाणे वाजले की प्रेक्षकांच्या मनात त्या गाण्याचा नायक येतो आणि समोरची माणसे पुसली जातात. संपूर्ण खेळात एकही ओळखीची चाल येऊ नये. विंटरगार्टनच्या प्रसंगांत मात्र ऑर्गन आणि तबला मोकळे सोडावेत, तेथे वैभव आहे, गर्दी आहे.

त्या थिएटराबद्दल वादकांना आणि नंतर प्रेक्षकांनाही एक गोष्ट जरूर सांगावी. विंटरगार्टनच्या छताला शेकडो लहान दिवे बसवून चांदण्यांचे आकाश केलेले होते. १ नोव्हेंबर १८९५ रोजी, पॅरिसमधील ल्यूमिएर बंधूंच्या प्रसिद्ध खेळाच्या जवळजवळ दोन महिने आधी, स्क्लाडानोव्स्की बंधूंनी तेथे पैसे देऊन आलेल्या लोकांना हलती चित्रे दाखवली होती. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीत ते थिएटर नष्ट झाले. आपल्या बांधीवर छत नाही, चांदण्या खऱ्या आहेत. हे वाक्य प्रास्ताविकात मी उच्चारले तेव्हा तीनशे माणसांनी एकदम वर पाहिले होते.

झुल्याच्या प्रसंगांचा ताल ठरवण्याची एक पद्धत आम्हाला शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षकांमुळे सापडली. झोपाळ्याला एक फेरी पुरी करायला लागणारा वेळ बसलेल्याच्या वजनावर ठरत नाही, दोराच्या लांबीवर ठरतो. पाच मीटर दोराचा झोपाळा जाऊन परत यायला सुमारे साडेचार सेकंद घेतो. पडद्यावरचा झुला पाहून तबलजीने मोजावे, चित्रपटाचा वेग प्रतीगणिक थोडा बदलत असल्यामुळे ते पडद्यावरूनच मोजावे, आणि त्या फेरीत बसेल असा ठेका धरावा. झुला एका टोकाला पोचून क्षणभर थांबतो तिथे सम येऊ द्यावी. फ्रॉइंडने कॅमेरा जमिनीवर न ठेवता झुल्यावर चढवला होता, त्यामुळे प्रेक्षागृह, दिवे, छतावरच्या चांदण्या सारे आपल्यासमोर हेलकावे खाते. चित्र असे हलत असताना तालही त्याच मापाने हलला की पाहणाऱ्याच्या पोटात खरोखर गोळा येतो. मग पडद्यावर नुसते डोळे दिसू लागतात, पाहणाऱ्यांचे असंख्य डोळे. तेथे तबला बंद करून फक्त खंजिरीवर बोटांची थरथर ठेवावी, इतकी हलकी की पहिल्या रांगेला ऐकू यावी आणि शेवटच्या रांगेला जाणवावी.

आणि मग तिहेरी कोलांटउडी. आर्टिनेली दांडी सोडतो तेथे खंजिरीही थांबावी. झांजेचा आघात, ऑर्गनची किंकाळी, काही नको. दुसऱ्या वर्षी त्या काही सेकंदांत आमच्या गावात दूरवर एक कुत्रे भुंकले, एवढाच आवाज होता, आणि मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही खेळात लोक इतके गप्प बसलेले पाहिलेले नाहीत. हुलर त्याला झेलतो. थरारपटाला जे करायचे असते ते या जागी उलटे झाले आहे. आपण ज्याला घाबरत होतो ते घडत नाही, आणि म्हणून पुढे जे घडणार त्याची भीती वाढते. वादकांना हे समजावून सांगितले तरच ते पुढचा खोलीतला प्रसंग वाजवून नासवत नाहीत. खून आपल्याला नीट दिसत नाही. झटापटीत दोघे चौकटीच्या खाली जातात. कॅमेऱ्याने जेवढे झाकले तेवढे संगीतानेही झाकावे. हार्मोनियमचा खर्जातला एक स्वर भात्याने हळूहळू रिकामा होऊ द्यावा, बस्स.

प्रतीसोबत आलेला आवाज पूर्ण बंद करायला विसरू नये. तारच काढून ठेवावी, म्हणजे चुकूनही तो सुरू होणार नाही.

खेळाच्या रात्री

पाच वाजता यंत्र लावून, अंधार पडताच दोन मिनिटांचे चित्र टाकून पाहावे आणि बंद करावे. लॅपटॉपचे इंटरनेट तोडावे, त्याला झोपी जाऊ न देण्याची मांडणी करावी, बॅटरी पूर्ण भरलेली असावी. लहान मुले पुढे, त्यांच्यामागे बाया, मागे पुरुष अशी आपल्याकडची बैठक असते, तीच ठेवावी. फक्त मुलांना पडद्यापासून पंधरा फूट तरी लांब बसवावे. सरपंचांचा सत्कार, नारळ, भाषणे हे सारे साडेसहाला सुरू करून सातच्या आत संपवावे. प्रास्ताविक पाच मिनिटांहून लांबवू नये आणि त्यात शेवट सांगू नये.

मध्यंतर नको. चित्रपट ९५ मिनिटांचा आहे आणि चहाच्या घोटाबरोबर हुलरचा सारा संताप विरून जातो. मधेच वीज गेली तर निवेदकाने गप्प राहावे, वादकांनी जो स्वर चालू आहे तो धरून ठेवावा. एवढ्याने लोक बसून राहतात.

शेवटी हकीकत संपते, आपण तुरुंगात परत येतो आणि दार उघडते. तेथे वादकांनी काय करावे याबद्दल आमच्यात दोन तालमी वाद झाला आणि अखेर सनईवाल्या काकांचे ऐकले. त्यांनी जत्रेतल्या पिपाणीचा सुरुवातीचा तुकडाच, पण अगदी संथ आणि सनईवर वाजवला. चित्र संपल्यावर लगेच मांडवाचे दिवे लावू नयेत. अर्धा मिनिट अंधार राहू द्यावा. मग एकच दिवा लावावा आणि ज्यांना बोलायचे आहे त्यांना बसू द्यावे. प्रश्न विचारून कोणाला बोलते करण्याची गरज पडत नाही.

प्रोजेक्टर लगेच पेटीत घालू नये, पंखा थांबेपर्यंत तो चालू द्यावा, आणि थंडीत बाहेर उघडा ठेवू नये, कारण नऊनंतर दव धरू लागते. पडदाही त्याच रात्री सोडावा. दवात भिजलेले कापड गुंडाळले तर आठवड्यात त्यावर काळे ठिपके येतात आणि पुढच्या वर्षी ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतात.